भूकंप, टेन्शन आणि मुबश्शिराचं पोट

देगलूरच्या जिलानी गादीवाल्याची मुलगी मुबश्शिरा बुटकी का, याचं उत्तर तिच्या जन्माच्या आधीच तयार झालं होतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिची आई शहजादी पाचव्या महिन्यात होती आणि नेमकी माहेरी, औशाला गेली होती. जमीन हलली, परसातली भिंत कोसळली आणि शहजादी अंगणाकडं धावताना पोटावर आपटली. एवढं पुरे झालं. पुढं त्या पोराचं जे काही कमीजास्त होईल, त्याची जबाबदारी घ्यायला भूकंप हजर होता.

तसा त्या वर्षांत भूकंपाएवढा सोयीचा दुसरा कुणी नव्हताच. विहीर आटली, भूकंपानं. म्हैस आटली, तीही भूकंपानं. ज्या गावात एक कवेलूसुद्धा पडलं नव्हतं, तिथल्या ऑफिसातली फाइल सापडेना, तर साहेब छताकडं बघत म्हणायचे, "भूकंपापासून सगळं उलटपालट झालंय."

फेब्रुवारीत मुबश्शिरा जन्मली ती हातापायांवर सूज घेऊनच. पावलं अशी टम्म, की बोटं कुठं सुरू होतात ते कळू नये. नर्स म्हणाली, पाणी धरलंय, उतरेल. दादी, म्हणजे जिलानीची आई, काही नर्स नव्हती, त्यामुळं तिला खरं कारण ठाऊक होतं. ती सुनेला म्हणाली, "मैं बोली थी ना, ऐसी हालत में मायके नक्को जा करके! सुनी क्या?"

शहजादीनं तेव्हाही उत्तर दिलं नाही आणि नंतरही दिलं नाही. औशाला जाणं तिनं जवळजवळ सोडलंच. लग्न असेल किंवा मयत असेल, तेवढंच.

सूज वर्षभरात उतरली. मान मात्र रुंद राहिली, कानांखालून खांद्यांकडं कातडीची घडी उतरावी तशी. केस मानेवर पार खालपर्यंत आले. उंची तर कधी मनावर घेऊन वाढलीच नाही. शाळेत दरवर्षी तपासणीला डॉक्टर यायचे, दात बघायचे, जीभ बघायचे आणि "दूध पीत जा गं ताई" असं सांगून जीपमध्ये बसायचे. मुबश्शिरानं आज्ञा पाळली. ती इतकं दूध प्यायली, की धाकटा भाऊ बिलाल त्याच दुधातलं उरलंसुरलं पिऊन तिच्या डोक्यावर हात ठेवण्याएवढा वाढला. ती तेवढीच राहिली. प्रार्थनेच्या रांगेत पहिला नंबर तिचा, आणि गॅदरिंगच्या नाटकात बाळाचं काम दहावीपर्यंत तिचंच.

उंचीची कसर जिभेनं भरून काढली. "किती गं एवढीशी!" असं म्हणणाऱ्या बायांना ती सांगायची, "हाव ना. अम्मीचं कापड वाचतंय." भूमितीत ती कच्ची होती. आकृती उलटी केली की तिला ती ओळखीची वाटायची नाही. पण एकदा वाचलेला धडा मात्र तिच्या डोक्यातून हलत नसे, आणि जीवशास्त्रात तिच्या पुढं वर्गात कुणी नव्हतं.

इकडं भूकंपानं जगाला लातूरचं नाव कळलं होतं आणि आता बारावीच्या निकालांनी ते तोंडोतोंडी झालं होतं. जिकडंतिकडं क्लास निघाले. लोकांनी घरांवर मजले चढवले, मजल्यांत खोल्या पाडल्या आणि खोलीत चार-चार पोरं घातली. प्रत्येक पोराला एक गादी लागतेच. त्यामुळं मराठवाड्याच्या शैक्षणिक क्रांतीत जिलानीचाही वाटा होता. त्याचा टेम्पो महिन्यातून दोनदा देगलूरहून लातूरला भरून जायचा. शेषेराव सरांच्या बायोलॉजी क्लासचं पोरींचं होस्टेल तर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिलानीच्या गाद्यांवर झोपत होतं.

एकदा गाद्या उतरवताना सर म्हणाले, "जिलानीभाई, गाद्या इथं टाकून राहिले आणि हुशार पोरगी तिथं ठेवून राहिले. हे काय बरोबर न्हाई."

जिलानी हरखून गेला. दादीनंही हरकत घेतली नाही. नावाआधी डॉक्टर लागलं की माणूस फूटभर उंच दिसतो, असा तिचा हिशोब होता.

अशी मुबश्शिरा अकरावीला लातुरात आली. वर्गात तीनशे पोरं. ती पहिल्या बाकावर बसे, कारण दुसऱ्या बाकावरून तिला सरांच्या ऐवजी पुढच्या पोरीची वेणी दिसे. खोलीत तिच्याबरोबर जळकोटकडची वर्षाराणी होती. शेतकऱ्याची पोरगी, उंच, दणकट आणि रडायला हळवी. रेक्टर होत्या भामाबाई. अख्ख्या होस्टेलच्या तब्येतीचं निदान त्या जिन्यात उभ्या राहून करायच्या.

दिवाळीनंतर मुबश्शिराचं पोट बिघडलं. आधी मुरडा, मग दिवसातून पाचसहा वेळा पळापळ. त्या मजल्यावर चाळीस पोरींत दोन संडास होते, म्हणजे या आजारासाठी सगळ्या महाराष्ट्रातून निवडून काढावी अशी जागा. बाहेरून दार बडवत पोरी ओरडायच्या, "मुब्बे, निघ की! आत काय पेपर सोडवायलीस?"

"मला आत फिजिक्स जमतंय," ती आतून सांगायची. पण एके दिवशी तिला खाली रक्त दिसलं. तिनं बादलीभर पाणी ओतलं, तोंड धुतलं आणि वर्गात जाऊन बसली. असलं सांगायचं तरी कुणाला? आणि काय म्हणून? चार महिने तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही.

कळलं ते वर्षाराणीलाच. तिनं ऐकलं, रडली आणि रडत रडत भामाबाईंकडं गेली.

"टेन्शन!" भामाबाईंनी जिन्यातच निकाल दिला. "पहिल्या वर्षाला समद्या पोरींना होतंय. मागल्या साली एक पोरगी तर रोज ओकायची. लागली की एमबीबीएसला!"

भामाबाईंचा दोष नव्हता. त्या वर्षी लातुरात टेन्शनचा भाव तुरीपेक्षा चढा होता. केस गळले, टेन्शन. पाळी चुकली, टेन्शन. प्रेमात पडला, तेही टेन्शनच. क्लासनं त्यावर एक खास व्याख्यानही ठेवलं. शेषेराव सर माइकवरून म्हणाले, "पोटात गोळा आला तर घाबरू नका लेकरांनो. मेंदू कामाला लागल्याची ती निशाणी हाय." टाळ्या पडल्या. मुबश्शिराच्या टाळ्या तेवढ्या राहिल्या, कारण तिचा मेंदू नेमका तेव्हाच कामाला लागला होता आणि ती मागच्या दारानं पळाली होती.

डॉक्टरही झाले. पहिल्यानं जंत सांगितले, दुसऱ्यानं आव, तिसऱ्यानं मूळव्याध. चौथा अनुभवी होता. त्यानं विचारलं, "क्लासला आहेस का?" ती हो म्हणाली आणि तपासणी संपली.

अकरावीच्या सुट्टीतच बारावी सुरू करायची, ही लातूरची रीत. उन्हाळ्यात सरांनी आनुवंशिकतेचा धडा काढला. सरांची खासियत अशी, की प्रत्येक आजाराची त्यांनी कविता केली होती. तीनशे पोरांकडून ती ते घोकून घ्यायचे.

"टर्नर सिंड्रोम!" सरांनी फळ्यावर डस्टर आपटलं. "बोला माझ्या मागं. एक्स एकटा, बांधा बुटका! मान जाड, कूस उजाड!"

"एक्स एकटा, बांधा बुटका! मान जाड, कूस उजाड!" पत्रे हादरले. पहिल्या बाकावरून सगळ्यात खणखणीत आवाज मुबश्शिराचा होता. गाइडात एक चित्रही होतं, कुठल्यातरी परदेशी बाईचं, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काळं झालेलं. त्या डागाशी आपलं काही नातं असेल, असं तिच्या मनातही आलं नाही. सरांच्याही आलं नाही. त्यांची नजर मागच्या बाकांवर होती. पुढच्या बाकावर हुशार पोरं बसतात, तिथं कशाला बघायचं?

आठवड्यानं चाचणी झाली. टर्नरचा प्रश्न आला, तिनं बरोबर सोडवला, एक मार्क घेतला, आणि पेपर देऊन जिना उतरताना चक्कर येऊन पडली. ओठ कागदासारखे पांढरे झाले होते.

जिलानी त्या दिवशी लातुरातच होता. त्यानं कुणाला विचारलं नाही. टेम्पोत दोन नव्या गाद्या उरल्या होत्या, त्यांवर पोरीला निजवलं आणि टेम्पो थेट नांदेडच्या रस्त्याला लावला. अहमदपूर मागं पडल्यावर मुबश्शिरानं डोळे उघडले.

"अब्बा, होस्टेलच्या गाद्यांत कापूस इतका न्हाई."

"गप पड," जिलानी म्हणाला. आणि त्यानं टेम्पो आणखी पळवला.

नांदेडला डॉक्टर वैजनाथ म्हणून लहान मुलांच्या पोटाचे डॉक्टर होते. सतरा वर्षांची मुलगी लहान मुलांच्या दवाखान्यात कशी, असं कुणी विचारलं नाही. तिच्याकडं बघून तो प्रश्न पडतच नसे. रक्त चढवलं, दुर्बीण घालून आतडं बघितलं, तुकडा तपासायला पाठवला. मग डॉक्टरांनी जिलानी आणि शहजादीला बोलावलं, आणि मुबश्शिरालाही खुर्ची दिली.

"मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत," डॉक्टर म्हणाले. "अल्सरेटिव्ह कोलायटिस. अंगातले शिपाई बाहेरच्या शत्रूशी लढायचं सोडून आपल्याच आतड्यावर उलटतात, असं समजा. टेन्शननं त्रास वाढेल, पण नुसत्या टेन्शननं अशा जखमा होत नाहीत. औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. पण ताब्यात राहतो हा आजार."

शहजादीनं पदर सावरत हळूच विचारलं, "सर, आणि उंची?"

"आतडं आजारी असलं की लेकरू वाढत नाही, ताई. वय थोडं पुढं गेलंय, पण सूज उतरली की बघू."

सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. सतरा वर्षांच्या कोड्याला एका वाक्यात उत्तर मिळालं होतं. फक्त भूकंपाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. तो दादीनं रात्र व्हायच्या आत सोडवला. "भूकंप में आंत हिल गई थी. मैं तो पहले से बोलतिऊं."

औषधांत स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. रक्त थांबलं, भूक लागली आणि महिनाभरात मुबश्शिराचं तोंड पुरीसारखं फुगलं. गल्लीतल्या बाया खूष झाल्या. "आता कशी अंगानं भरली! लातूरचं पाणी मानवलं!" जिला सहा-सात महिने लातूरच्या पाण्यानं जवळजवळ धुऊन काढलं होतं, ती मुबश्शिरा म्हणाली, "हाव खाला, लई चवदार पाणी हाय. तुम्ही बी जाऊन या."

गोळ्या हळूहळू कमी झाल्या, तोंड पूर्ववत झालं. ती परत क्लासला गेली. दर दीड-दोन महिन्यांनी नांदेडला तपासणीला जायची. वजन वाढलं, रक्त वाढलं, पोट शांत झालं. उंची मात्र मागच्या खेपेला होती तिथंच. डॉक्टर भिंतीवरच्या पट्टीशी तिला उभं करायचे, खाली वाकून बघायचे आणि "हं" म्हणायचे.

हिवाळ्यातल्या एका खेपेला ते "हं" म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"पोटाचा त्रास कधी सुरू झाला म्हणालीस?"

"अकरावीच्या दिवाळीनंतर."

"आणि बुटकी कधीपासून आहेस?"

"पैदा झाल्यापासून," मुबश्शिरा म्हणाली. "तेव्हा तर सगळ्यात जास्त होते."

डॉक्टर हसले नाहीत. "मग गेल्या वर्षीच्या आजारानं तुझी पहिलीतली उंची कशी खाल्ली?" ते तिला नव्हे, स्वतःलाच विचारत होते. मग शहजादीकडं वळले. "ताई, पाळी येते का हिला?"

शहजादीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. सहा महिने ती पोरीला घेऊन या दवाखान्यात येत होती, पण डॉक्टर पुरुषमाणूस, त्याला हे कसं सांगायचं?

"न्हाई आली, सर," मुबश्शिरानंच सांगितलं. "एकदाबी न्हाई. टेन्शननं थांबली म्हणत होते. पण थांबायला आधी यावी लागती ना?"

डॉक्टरांनी तिची मान बघितली, मानेवरचे केस बघितले, हात सरळ करायला लावून कोपर बघितलं. नंतर विचारलं, "जन्मली तेव्हा हातापायांवर सूज होती?"

शहजादीच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. सतरा वर्षं ती या प्रश्नाची वाट बघत असावी. "मी पडले होते, सर," ती म्हणाली. "भूकंपात. पोटावर. सासूबाई नको म्हणत होत्या, मी ऐकलं न्हाई, मायक्याला गेले. माझ्यामुळंच..."

डॉक्टरांनी मुबश्शिराचं रक्त पुण्याला तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. आला तेव्हा त्यांनी तिघांना बसवून सांगितलं.

"बाईमाणसाच्या पेशीत एक्स नावाचे दोन धागे असतात. हिचा एक नीट आहे. दुसऱ्याचा एक तुकडाच नाही. याला म्हणतात टर्नर सिंड्रोम."

"एक्स एकटा, बांधा बुटका," मुबश्शिराच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"मान जाड, कूस उजाड." ती डॉक्टरांकडं बघत राहिली. "सर, मला याचा एक मार्क मिळालाय."

मग डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं आणि बोलू लागले. या मुलींची बुद्धी चांगली असते, संसारही करतात. पाळीसाठी गोळ्या द्याव्या लागतात, हाडांसाठीही त्या लागतात. मूल आपसूक होणं बहुतेकदा कठीण. हृदय, मूत्रपिंडं, थायरॉइड सगळं तपासून घ्यावं लागेल.

"आणि आतडं?" जिलानीनं विचारलं. "ते दुसरं दुखणं का हेच?"

"दोन आहेत, पण ओळखीतले. अशा मुलींमध्ये शरीर स्वतःवर उलटण्याचे आजार इतरांपेक्षा जास्त दिसतात. थायरॉइडचे, आतड्याचे. प्रत्येकीला होतात असं नाही, पण होतात. म्हणून टर्नरच्या मुलीचं पोट सारखं बिघडलं तर आतडं बघावं, आणि आतड्याच्या आजारातली मुलगी वाढत नसेल, वयात येत नसेल, तर हेही बघावं. माझं तिथं चुकलं. आतड्यानं मला एक उत्तर दिलं आणि मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही."

"लहानपणी कळलं असतं तर?" मुबश्शिरानं विचारलं.

"पाच-सहा वर्षांची असताना इंजेक्शनं सुरू केली असती, तर उंचीत बराच फरक पडला असता. आता फार थोडा पडेल."

शाळेतले सगळे तपासणीवाले डॉक्टर तिच्या डोळ्यांपुढून गेले. जीप, जीभ, दात, दूध. तिला इतका संताप आला, की नेमकी या वेळी जीभ चालली नाही.

तेवढ्यात शहजादी बोलली. "सर, मी औशाला गेले नसते तरी?"

"तरीही असंच असतं."

"मी पडले नसते तरी?"

"ताई, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. भूकंप चार-पाच महिन्यांनी झाला. त्याचा यात काही हात नाही. तुमचाही नाही."

शहजादी उठली, बाहेर व्हरांड्यात गेली आणि बाकावर बसून हमसून हमसून रडली. मुबश्शिराला आधी रागच आला. आजार आपला, कूस आपली, आणि सुटका झाली अम्मीची! पण व्हरांड्यात येऊन तिनं आईचं तोंड पाहिलं, तेव्हा तिला वाटलं, ही बाई आपल्याला अशी कधी दिसलीच नव्हती. ती शेजारी बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते तिनं हलवत ठेवले.

"अम्मी, बास कर. लोकांना वाटायलंय मी मेले."

शहजादीनं रडता रडता तिला एक चापट मारली.

घरी दादीपुढं सगळी हकीकत गेली. एक्स, धागा, तुटलेला तुकडा. दादीनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. "धागा टूटा ना? कायसे टूटा? हिलने से ही टूटा ना!" असं म्हणून तिनं पानदान ओढलं. विज्ञान पुण्यापर्यंत जाऊन आलं होतं, पण दादीला काही ते हलवू शकलं नाही. मग तिनं हुकूम सोडला, "किसी को बोलना नक्को. लडकी की जात है."

पहिल्यांदाच शहजादीनं सासूला तोंडावर उत्तर दिलं. "बोलना नहीं बोलना, वो मुब्बी देखेगी." आणि ती चुलीकडं वळली. दादी इतकी चकित झाली, की पान खायचं विसरली.

फेब्रुवारीत क्लासमध्ये उजळणी सुरू झाली. आनुवंशिकतेचा धडा परत आला. "बोला माझ्या मागं!" सर गरजले. तीनशे पोरांनी श्वास घेतला. मुबश्शिरा उभी राहिली. उभी राहिल्यानं फारसा फरक पडला नाही, म्हणून ती बाकावर चढली.

"सर, कविता चुकलीय."

"काय चुकलं?"

"एक्स दर वेळी एकटा नसतो. कधी दुसराबी असतो, अर्धामुर्धा. आणि आतड्याचं राहिलंय. या पोरींना आतड्याची सूज यायची शक्यता जास्त असती. थायरॉइडचं पण राहिलंय."

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. "ते सिलॅबसमध्ये हाय का?"

"न्हाई सर. माझ्यात हाय."

सरांनी पहिल्या बाकाकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. तिची मान, तिचा बांधा. त्यांचे कान लाल झाले. "बस बेटा, खाली बस," ते म्हणाले आणि डस्टर शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होतं.

जिन्यात वर्षाराणी तिला गाठून रडायला लागली. "मी रोज तुझ्याशेजारी बसून ओरडायले ते. कूस उजाड म्हणून."

"आणि सूर चुकवून ओरडायलीस," मुबश्शिरा म्हणाली. "खरं तर त्याचं रड."

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ होता. "आधी सांगायचं होतं ना, लेकरा. ती ओळ मी काढून टाकतो." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं, तू चांगल्या मार्कांनी लाग. चौकात मोठा बोर्ड लावू. दुर्धर आजारावर मात. तुझा फोटो एकदम मधी."

"मात झाली न्हाई तर सर?"

सरांना तो प्रश्न समजला नाही.

मात झाली नाही. सीईटीत तिला मार्क चांगले पडले, पण एमबीबीएसला पुरले नाहीत. वर्षाराणीलाही पुरले नाहीत. चौकात बोर्ड लागला तो दुसऱ्याच पोरांचा. शेषेराव सरांनी कविता मात्र खरंच बदलली. नव्या बॅचला ते "कूस उजाड"ऐवजी "पाळीस आड" शिकवू लागले. वृत्तही सांभाळलं आणि माणुसकीही.

त्या पावसाळ्यात गोळ्यांनी मुबश्शिराला पाळी आली. पहिले दोन दिवस तिला वाटलं, पोटाचं दुखणंच उलटलं. तिसऱ्या दिवशी दादीला कळलं. जी बाई किसी को बोलना नक्को म्हणाली होती, तिनं मलिदा केला आणि गल्लीत सात घरी वाटला.

"दादी, ही गोळ्यांच्या कंपनीनं आणलीय," मुबश्शिरा म्हणाली. "मलिदा कंपनीला पाठव."

"चुप," दादी म्हणाली, आणि एक मोठा घास तिच्या तोंडात कोंबला. दादीचे डोळे भरून आले होते. मुबश्शिरानं ते पाहिलं आणि घास चावत गप्प बसली. इतकी गप्प ती क्वचितच बसे.

ती नांदेडला बीएस्सीला गेली. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. मधे धर्माबादहून एक स्थळ आलं. माणसं चांगली होती, बोलणं पुढं सरकत होतं. दादी खुणा करत होती, पण जिलानीनं पाहुण्यांना चहा दिला आणि पोरीला विचारलं, "सांगू का?" ती "सांगा" म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं, आतड्यासकट. पाहुण्यांनी चहा संपवला, गाद्यांच्या धंद्याची चौकशी केली, आणि पुढं त्यांचा फोन लागेनासा झाला. जिलानी आठवडाभर दुकानात कापूस पिंजत राहिला. शेवटी मुबश्शिराच त्याला म्हणाली, "अब्बा, ते गेले ते बरं झालं. मला तिखट जेवण चालत न्हाई, आणि धर्माबादला मिरचीचा बाजार हाय."

दुसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकलच्या तासाला, तिच्या पोटात जुनी कळ उठली. सकाळी रक्तही दिसलं होतं. कॉलेजचे सर काचपट्ट्या वाटत होते. चाळीस मुलंमुली पांढऱ्या कोटात उभी होती. मुबश्शिरानं हात वर केला.

"सर, मला आतड्याचा आजार हाय. आज संडासातून रक्त गेलंय. मी दवाखान्यात चालले."

सरांच्या हातातली काचपट्टी टेबलावर घसरली. "बरं, बरं," ते खिडकीकडं बघत म्हणाले, "एवढं सविस्तर सांगायची गरज न्हाई."

"हाय, सर," ती म्हणाली, आणि कोट काढून खुंटीला लावला.

मागच्या टेबलावरची एक मुलगी धावत जिन्यापर्यंत आली. तिच्याशी मुबश्शिराचं कधी बोलणंही झालं नव्हतं. स्कूटीची किल्ली पुढं करत ती म्हणाली, "चल, सोडते." आणि अर्ध्या रस्त्यात, मागं न बघता, म्हणाली, "माझंबी असंच होतंय गं. दोन महिने झाले. मी कुणाला सांगितलं न्हाई."

"मग गाडी नीट लाव," मुबश्शिरा म्हणाली. "तुला पण आत यायचंय."